मोटारीचा ब्रेक : सच्छिद्र तबकडी कीं सपाट?



आजच्या भाषणाचा विषय मीं शोधून काढलेला नाहीं; तो माझ्या भाच्यानें माझ्या गळ्यांत घातला. एका रविवारीं सकाळीं तो एक जड खोकें काखेंत मारून माझ्या घरीं आला, तें मेजावर ठेवून त्यानें मोठ्या कौतुकानें उघडलें, आणि आंतून तेलकट कागदांत गुंडाळलेल्या दोन बिडाच्या तबकड्या बाहेर काढल्या. मोटारीच्या पुढच्या चाकांतील ब्रेकच्या त्या तबकड्या. बाजारांत ज्यांना ‘डिस्क’ किंवा ‘रोटर’ म्हणतात त्या. नेहमींच्या तबकडीचें तोंड आरशासारखें सपाट असतें. ह्यांच्या तोंडावर मात्र जाईच्या कळ्या मांडाव्यात तशीं वळणावळणानें साठ-साठ भोंकें पाडलेलीं होतीं.

“मामा, कशा वाटतात?” त्यानें विचारलें.

“दिसायला फार देखण्या आहेत,” मीं म्हटलें, “पण ह्या बसवून तूं जाणार कोठें?”

हा प्रश्न मीं थट्टेनें केला नव्हता. ह्या मुलाची मोटार तीन प्रकारचें काम करते. रोज ती शहराच्या गर्दींतून कचेरीला जाते. महिन्यांतून एकदां बायकोमुलांना घेऊन घाट उतरून कोंकणांतल्या घरीं जाते. आणि वर्षांतून एक-दोन वेळां, हौस म्हणून, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथें जो ३.७ किलोमीटरचा शर्यतीचा ट्रॅक आहे त्यावर जाऊन तो ती मनसोक्त पळवितो. त्या ट्रॅकवर कोणाच्या तरी मोटारीला अशा तबकड्या त्यानें पाहिल्या आणि त्याचें मन त्यांवर बसलें. माझा जन्म यंत्रांच्या सहवासांत गेला असल्यामुळें माझ्याकडून तो ‘होय’ ऐकावयास आला होता. मीं दोन दिवसांची मुदत मागितली. त्याला जें उत्तर दिलें तेंच आज जरा विस्तारानें आपल्यापुढें ठेवतों, कारण हल्लीं अशा तबकड्या पुष्कळ दुकानांत मिळतात आणि घरोघरच्या तरुणांना त्यांचा मोह पडतो.

प्रथम ब्रेक करतो काय, हें पाहूं. ब्रेक मोटार थांबवितो असें आपण म्हणतों. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें तो गतीची उष्णता करतो, एवढेंच त्याचें काम. माणसांसकट १२०० किलो वजनाची मोटार ताशीं १०० किलोमीटर वेगानें जात असतां तिच्या अंगीं सुमारे ४६३ किलोज्यूल शक्ति असते. तेवढ्या उष्णतेनें नळाचें दीड लिटर पाणी उकळीस येईल. आपल्या स्वयंपाकघरांतील विजेच्या किटलीला ह्या कामास पांच मिनिटें लागतात. ब्रेकला तें साडेतीन सेकंदांच्या आंत करावें लागतें. चाकाबरोबर फिरणारी तबकडी आणि तिला दोन्ही अंगांनीं चिमट्यांत धरणारे पॅड ह्यांच्या घर्षणांतून ही सारी उष्णता निघते आणि तिचा फार मोठा भाग तबकडीच्या पोटांत शिरतो. तबकडी ती कांहीं काळ सांठवून ठेवते आणि मग हळूहळू वाऱ्यावर सोडून देते. म्हणजे तबकडी ही उष्णतेची कोठी आहे. ही उपमा ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होईल.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडांत बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर ह्यांनीं १९०२ सालीं तबकडीच्या ब्रेकचें पेटंट घेतलें. परंतु त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर आणि त्या काळच्या धातूंनीं तो नीट चालेना, आणि पुढें अर्धशतक मोटारींवर ड्रमच्या ब्रेकचेंच राज्य राहिलें. ड्रम म्हणजे बंद डबा. आंत सांपडलेली उष्णता बाहेर पडावयास वाव नाहीं. तबकडी उघड्या वाऱ्यावर फिरते. हा फरक साऱ्या जगाच्या डोळ्यांत भरला तो १९५३ सालीं फ्रान्समधील ल मान येथील चोवीस तासांच्या शर्यतींत. जॅग्वार कंपनीच्या सी-टाइप मोटारींना डनलॉप कंपनीनें विमानांच्या ब्रेकवरून तयार केलेले तबकडीचे ब्रेक लाविलेले होते. त्या शर्यतीच्या मार्गांत सुमारे सहा किलोमीटरचा सरळ रस्ता होता आणि त्याच्या टोंकाशीं एकदम काटकोनी वळण. ड्रमचे ब्रेक असलेले चालक तेथें लवकर पाय दाबीत; जॅग्वारचे चालक बरेच पुढें जाऊन दाबीत. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन ह्या जोडीनें ती शर्यत जिंकली, आणि ताशीं १०० मैलांहून अधिक सरासरी त्या शर्यतींत प्रथमच गांठली गेली. दोनच वर्षांनीं, १९५५ सालीं, सित्रोएं कंपनीनें आपल्या डी. एस. ह्या घरगुती मोटारीला तबकडीचे ब्रेक दिले आणि तेथून ते सर्वसामान्यांच्या वापरांत आले.

आतां गंमत अशी कीं, ज्या तबकड्यांनीं १९५३ सालीं हा पराक्रम केला त्या अगदीं सपाट, भरींव आणि बिनभोंकाच्या होत्या! मग भोंकें आलीं कोठून?

त्याचें कारण तबकडींत नसून पॅडमध्यें आहे. पॅड म्हणजे निरनिराळ्या भुकट्या आणि तंतु एखाद्या राळेनें सांधून, दाबून आणि भाजून केलेली वडी. पूर्वींच्या पॅडांत ॲस्बेस्टॉस असे (तें छातीस अपायकारक म्हणून पुढें सोडून देण्यांत आलें), आणि राळही आजच्याइतकी चिवट नसे. अशा पॅडला फार ताप चढला कीं राळ जळूं लागे आणि तिचा वायु होई. हा वायु पॅड आणि तबकडी ह्यांच्या मध्यें सांपडे आणि पॅडला किंचित् उचलून धरी. चालक पाय दाबतो आहे, पायाखालीं पेडल टणक लागतें आहे, पण मोटार मात्र थांबत नाहीं, असा तो भयंकर प्रकार. ह्या वायूला पळून जावयास वाट हवी म्हणून तबकडीला भोंकें पाडण्याची युक्ति निघाली. शिवाय भोंकांच्या कडा पॅडचें तोंड किसणीसारखें सतत खरवडून ताजें ठेवतात. पावसांत तबकडीवर बसणारा पाण्याचा पापुद्रा त्या कडांनीं फाटतो. आणि वजनही थोडें घटतें. पोर्शे कंपनीच्या ‘९१७’ ह्या प्रसिद्ध शर्यतीच्या मोटारीला अशा सच्छिद्र तबकड्या होत्या, आणि १९७७ सालीं ‘९११ टर्बो’ ह्या रस्त्यावरच्या मोटारीला त्याच घराण्यांतले ब्रेक मिळाले. तेव्हांपासून भोंकें असलेली तबकडी ही उंची, वेगवान् मोटारीची खूण होऊन बसली. खूण म्हटली कीं नक्कल आलीच.

माझ्या भाच्याचा प्रश्न मात्र नकलेचा नव्हता. त्याला खरोखरच वाटत होतें कीं ह्या तबकड्यांनीं मोटार लवकर थांबेल आणि ब्रेक थंड राहील. ह्यांतलें पहिलें म्हणणें चुकीचें आहे. मोटार अखेर थांबवितात ते टायर. धडधाकट ब्रेक चाकें जागच्या जागीं जखडून टाकण्याइतका समर्थ असतोच. त्याहून अधिक जोर लावला तर टायर घसरतो, आणि तो घसरूं नये म्हणून तर हल्लींच्या मोटारींत ब्रेकचा जोर आपोआप सैल-घट्ट करणारी यंत्रणा असते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशीं १०० किलोमीटर वेगावरून थांबावयास ४५ मीटरांच्या आसपास अंतर लागतें, आणि तबकडीला साठ भोंकें पाडल्यानें त्यांतला हातभरही वाचत नाहीं. झिजलेले टायर बदलले तर वाचेल.

दुसरें म्हणणें अर्धें खरें आहे, म्हणून त्याचा हिशेब मांडून पाहिला पाहिजे. त्या खोक्यांतली तबकडी २८० मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे ६ किलो वजनाची होती. तिचीं दोन पानें प्रत्येकीं ७ मिलिमीटर जाड, आणि दोहोंच्या मध्यें वारा खेळण्यासाठीं पोकळी. भोंक ६ मिलिमीटर व्यासाचें. साठ भोंकें दोन्ही पानांतून आरपार पाडलीं म्हणजे सुमारे १७० ग्रॅम बीड गेलें. म्हणजे आपल्या उष्णतेच्या कोठींतून तेवढी जागा कमी झाली. ट्रॅकवर ताशीं १६० किलोमीटरांवरून ६० वर एकदां यावयाचें तर पुढच्या तबकड्यांचें तापमान सुमारे १२० अंशांनीं वाढतें. भोंकांमुळें तें आणखी तीन-चार अंश अधिक वाढेल. उलट, प्रत्येक भोंकाच्या आंतल्या भिंतीमुळें वाऱ्याला भिडणारा पृष्ठभाग थोडा वाढतो, आणि मोटार धांवत असतां तबकडी जरा लवकर निवते. कमी सांठवण आणि जलद निचरा, असा हा सौदा आहे. दोन्ही बाजू लहान आहेत; ह्यांतल्या एकीसाठींही पदरचे पैसे खर्चावेत असें मला वाटत नाहीं.

खरा सौदा निराळ्याच ठिकाणीं आहे, आणि तो महाग पडतो. तो तबकडीच्या आयुष्याचा.

पोस्टाच्या तिकिटांचा ताव आपण सर्वांनीं पाहिलेला आहे. दोन तिकिटांच्या मध्यें बारीक भोंकांची ओळ असते आणि कागद नेमका तेथेंच फाटतो. केवळ तेथें कागद कमी आहे म्हणून फाटतो असें नव्हे. भोंकाच्या कडेशीं ताण गोळा होतो म्हणून फाटतो. किर्श ह्या जर्मन पंडितानें १८९८ सालीं गणितानें सिद्ध केलें कीं, एखाद्या रुंद पत्र्यास ताण दिला आणि त्यांत एक लहानसें गोल भोंक असलें, तर त्या भोंकाच्या कडेवर इतरत्र असलेल्या ताणाच्या तिप्पट ताण येतो. भोंक केवढें आहे ह्यावर तें अवलंबून नाहीं. लहान असो वा मोठें, तिप्पट तो तिप्पटच. पूल बांधणारे, विमान बांधणारे आणि बाष्पपात्रें बांधणारे सारे ह्या तिपटीला भिऊन असतात.

आतां तबकडीवर ताण येतो कसा, तें पाहूं. ब्रेक दाबतांच तबकडीचें वरचें तोंड क्षणांत तापतें. पोट मात्र अद्याप थंड असतें. तापलेला थर फुगूं पाहतो, पण थंड पोट त्याला फुगूं देत नाहीं. त्यामुळें तो दबला जातो, आणि ताप फार असला तर दाबाखालीं कायमचा किंचित् चेपून आंखूड होतो. मग मोटार सरळ रस्त्यावर सुटते आणि तोंड निवूं लागतें. निवतांना त्या आंखूड झालेल्या थराला पूर्वींच्या जागेंत पुरेनासें होतें. तो आपल्याच शेजाऱ्यांकडून ताणला जातो. बीड ही धातु दाबाला खंबीर, पण ताणाला फार दुबळी. तिच्या अंगांत काजळीच्या बारीक पापुद्र्यांसारखें ग्राफाइट पसरलेलें असतें आणि प्रत्येक पापुद्रा ही एक जन्मजात भेग असते. (ह्याच ग्राफाइटमुळें बीड उष्णता चांगली वाहून नेतें आणि ब्रेकचा आवाज गिळतें, म्हणून तर तें वापरतात, गुण आणि दोष एकाच पोटीं जन्मास आले आहेत.) तापणें, चेपणें, निवणें, ताणणें हें चक्र ट्रॅकवर तासाभरांत शेंकडों वेळां फिरतें. सपाट तबकडीवरही त्यानें केसासारख्या बारीक रेघा उमटतात; पण त्या वरवर राहतात, एकमेकींना मिळत नाहींत, आणि तबकडी झिजतांना त्यांतल्या पुष्कळ पुसूनही जातात. भोंकें असलेल्या तबकडींत तीच रेघ भोंकाच्या कडेशीं सुरू होते, जेथें ताण तिप्पट आहे तेथें. आणि तिला पुढचें भोंक जवळच सांपडतें. भोंकापासून भोंकापर्यंत, तेथून पुढच्या भोंकापर्यंत आणि शेवटीं बाहेरच्या कडेपर्यंत ती पोंचली म्हणजे पोस्टाच्या तिकिटाची गोष्ट पुरी झाली.

हें मीं केवळ गणितावरून सांगत नाहीं. भाच्याच्या एका स्नेह्यानें अशा तबकड्या लावून ट्रॅकवर दोन दिवस मोटार पळविली होती. त्याची काढून टाकलेली तबकडी भाच्यानेंच मला आणून दाखविली. एकंदर साठ भोंकांपैकीं एकवीस भोंकांच्या कडांशीं मला भिंगाखालीं भेगा दिसल्या, आणि एका ठिकाणीं तीन भोंकें एकाच भेगेनें जोडलेलीं होतीं. ती भेग बाहेरच्या कडेपासून करंगळीच्या नखाएवढी दूर राहिली होती. त्या स्नेह्यास चाक थोडें थरथरतें एवढेंच जाणवलें होतें, आणि चाकाचा तोल गेला असेल असें समजून त्याच तबकडीवर तो चेन्नईहून पुण्यास आला होता. मुलगी मागें झोंपलेली होती, हें त्यानें नंतर सांगितलें. माझ्या भाच्याचा चेहरा त्या वेळीं जो उतरला त्यानंतर मला फारसें बोलावें लागलें नाहीं.

येथें कोणी म्हणेल, मग पोर्शेसारख्या कंपनीनें भोंकें कां पाडावींत? त्यांच्या तबकड्या मोठ्या आणि जाड असतात. आंतल्या पोकळींतील पंखे आणि बाहेरचीं भोंकें ह्यांच्या जागा एकत्र विचारानें ठरविलेल्या असतात. भोंकांच्या कडा मोडून गुळगुळीत केलेल्या असतात. शर्यतीच्या संघांना तर तबकडीचें आयुष्य तासांत मोजावयाची संवय असते; काम झालें कीं ती फेंकून नवी लावतात. बाजारांतल्या स्वस्त तबकडीचा प्रकार निराळा. पुष्कळदां ती साधी तबकडीच असते, कोणीतरी तिला नंतर ड्रिल लाविलेलें असतें, आणि भोंक आंतल्या पंख्याच्या मुळावरच बसलें आहे किंवा कसें ह्याची विचारपूस झालेली नसते. आपल्या जवळची सपाट तबकडी एखाद्या कारखान्यांत नेऊन तिला भोंकें पाडून आणण्याचा बेतही मीं ऐकला आहे. त्याबद्दल एकच शब्द: नको.

मोटारसायकलच्या तबकडीला तर सर्रास भोंकें असतात, तीं चालतात कशीं, असाही एक शहाणा प्रश्न भाच्यानें विचारला. त्याचें उत्तर असें कीं, ती तबकडी बिडाची नसून बहुधा न गंजणाऱ्या पोलादाची, चार-पांच मिलिमीटर जाडीची असते, आणि पोलाद ताणाला भीत नाहीं. तिला वाहावयाची उष्णताही मोटारीच्या मानानें फार थोडी. शिवाय तेथें भोंकांचें खरें कामही आहे: मोटारसायकलची तबकडी अगदीं उघडी, पावसांत न्हाऊन निघणारी. होंडा कंपनीनें १९६९ सालीं ‘सी. बी. ७५०’ ह्या गाडीला पुढें तबकडीचा ब्रेक दिला तेव्हां, आणि पुढेंही कांहीं वर्षें, अशा सपाट पोलादी तबकड्या पावसांत वेळेवर पकडत नाहींत अशी ओरड असे. भोंकांनीं आणि धातूच्या भुकटीच्या नव्या पॅडांनीं ती ओरड पुष्कळ कमी केली. तेव्हां दुचाकीचा न्याय चारचाकीला लागू होत नाहीं.

पावसाचा विषय निघालाच आहे तर आमच्या कोंकणाबद्दलही सांगतों. भर पावसांत बराच वेळ ब्रेक न लावतां मोटार चालविली तर पहिल्या क्षणीं सच्छिद्र तबकडी किंचित् लवकर पकडते, हें खरें. परंतु तो पाण्याचा पापुद्रा सपाट तबकडीही एका फेऱ्यांत पुसून टाकते; अधूनमधून पाय हलकेच टेंकविला तर तोही प्रश्न उरत नाहीं. उलट, लाल चिखल आणि पॅडची काळी भुकटी ह्यांचें मिश्रण त्या भोंकांत बसून वाळलें कीं विटेसारखें घट्ट होतें. मग भोंक असून नसल्यासारखें, आणि चाक काढून तीं साठ भोंकें सळईनें कोरीत बसावें लागतें. पॅडही किसणीवर लवकर झिजतात, आणि ब्रेक लावतांना एक बारीक घूं-घूं ऐकूं येते. ती कांहींना आवडते. माझ्या बहिणीला आवडणार नाहीं, आणि घाटांत तीच शेजारीं बसलेली असते.

घाट ही मात्र गंभीर गोष्ट आहे. सामानसुमान धरून १५०० किलोंची मोटार ५०० मीटर उंचीवरून खालीं उतरते तेव्हां सुमारे ७,४०० किलोज्यूल शक्ति कोठेंतरी जिरवावी लागते. ताशीं १०० किलोमीटर वेगावरून बारा-तेरा वेळां थांबण्याइतकी, किंवा २४ लिटरची बादली उकळण्याइतकी. तींतला कांहीं भाग वारा आणि टायर खातात. उरलेली ब्रेकनें खावी कीं इंजिनानें, हा प्रश्न आहे. जो चालक वरच्या गिअरमध्यें राहून ब्रेकवर पाय ठेवूनच घाट उतरतो, त्याला कोणतीही तबकडी वांचवूं शकणार नाहीं. चढतांना जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्यें उतरावें, म्हणजे ओढ इंजिन सोसतें आणि ब्रेक वळणांपुरता मोकळा राहतो. हा जुन्या ट्रकवाल्यांचा नियम आहे, आणि आजच्या मोटारींनाही तो तसाच लागू आहे.

आणि तबकडीहून नाजूक अशी एक वस्तु ब्रेकमध्यें आहे, जिच्याकडे कोणी पाहत नाहीं, कारण ती दिसत नाहीं: ब्रेकचें तेल. हें तेल हवेंतला ओलावा शोषून घेतें. ‘डॉट ३’ जातीचें ताजें तेल २०५ अंशांपर्यंत उकळतां कामा नये असा दंडक आहे. तेंच ओलावा प्यालेलें असलें तर १४० अंशांनाही उकळूं शकतें. ‘डॉट ४’ चे आंकडे २३० आणि १५५ असे आहेत. तेल उकळलें कीं नळींत वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, तेल दाबलें जात नाहीं. म्हणून पाय सरळ फळीला जाऊन टेंकतो आणि ब्रेक मुळींच लागत नाहीं. आमच्या दमट हवेंत दोन वर्षांनीं तरी हें तेल बदललें पाहिजे. भाच्याला विचारलें तर त्यानें मोटार घेतल्यापासून चार वर्षांत तें बदललेलेंच नव्हतें. आणि निघाला होता तबकड्या बदलावयास!

ट्रॅकसाठीं मग काय करावें? वर ज्या वायूची गोष्ट सांगितली तो वायु आजच्या चांगल्या पॅडांतून पूर्वींच्या मानानें फारच थोडा निघतो. नवे पॅड पहिल्यानें तापतांना थोडा सोडतात. म्हणून ते लावल्यावर मोकळ्या रस्त्यावर क्रमाक्रमानें जोर वाढवीत आठ-दहा वेळां ब्रेक लावून, मध्यें पूर्ण न थांबतां, त्यांना ‘भाजून’ घ्यावें आणि मग निवूं द्यावें. ज्या रोगावर भोंकें हें औषध होतें तो रोगच बराचसा गेलेला आहे. ज्यांना पॅडचें तोंड साफ ठेवण्याचा गुण हवा असेल त्यांच्यासाठीं खांचांची तबकडी असते: तोंडावर उथळ, तिरप्या रेघा कोरलेल्या, पण आरपार नसलेल्या. बिडाच्या तबकड्या वापरणाऱ्या आजच्या शर्यतींच्या मोटारींवर बहुधा ह्याच दिसतात. तिचा पॅड थोडा लवकर झिजतो, थोडा आवाज होतो, पण ती भेगांना वाट करून देत नाहीं. फॉर्म्युला वनच्या मोटारींच्या तबकडींत हजाराच्या घरांत छिद्रें असतात हें ऐकून कोणी गोंधळूं नये; ती तबकडी कार्बनची असते आणि तीं छिद्रें तोंडावर नसून कडेंतून आंत, मध्याकडे जाणारीं, केवळ वाऱ्यासाठीं असतात. पॅड त्यांना शिवतही नाहीं.

तेव्हां मीं भाच्याला सांगितलें तें असें: चांगल्या कारखान्याच्या सपाट, आंतून पोकळ तबकड्या, ट्रॅकच्या दिवसासाठीं अधिक ताप सोसणारे पॅडांचे वेगळे जोड, ताजें ‘डॉट ४’ तेल, आणि उरलेले पैसे टायरांत. ट्रॅकवर दर चार-पांच फेऱ्यांनंतर एक फेरी ब्रेक न वापरतां सावकाश मारावी, म्हणजे तबकडी निवते. लाल तापलेली मोटार आणून एकदम उभी करूं नये आणि हातानें ओढावयाचा ब्रेकही लावूं नये. पॅड आणि तबकडी एकमेकांस चिकटून राहिल्यास त्या जागीं पॅडचा थर उतरतो, पुढें पाय थरथरूं लागतो आणि मंडळी म्हणतात, ‘तबकडी वांकली.’ दुकानदारानें तें खोकें परत घेतलें, पण रोख पैसे न देतां त्याऐवजीं तेल आणि पॅड दिले. हिशेबांत भाच्याचें फारसें नुकसान झालें नाहीं.

ज्यांच्या मोटारीला कारखान्यांतूनच सच्छिद्र तबकड्या आलेल्या आहेत त्यांनीं घाबरून त्या काढण्याचें कारण नाहीं. रस्त्यावरच्या वापराला त्या पुरून उरतात. मात्र दर सहा महिन्यांनीं चाक उतरवून, तबकडी पूर्ण निवल्यावर, ती फडक्यानें पुसावी आणि बॅटरीचा उजेड तिरपा पाडून प्रत्येक भोंकाची कड पाहावी. ट्रॅकवर जाऊन आल्यास ही पाहणी घरीं निघण्यापूर्वीं तेथेंच करावी. तबकडीच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कमींत कमी जाडीचा आंकडा बहुधा कोरलेला असतो, तोही मोजून पाहावा. मग भोंकाच्या कडेवरून बोटाचें नख हळूच फिरवावें. नुसता डाग असेल तर नख सरकून जातें. नख अडकलें तर ती तबकडी आणि तिची दुसऱ्या बाजूची जोडीदार अशा दोन्ही त्याच दिवशीं बदलाव्यात, आणि तोंवर मोटार जागची हलवूं नये.